न खेळलेले 22 सामने: टोरांटो रॅप्टर्सचा 2018-19चा मोसम

टोरांटो रॅप्टर्स हा एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधला कॅनडाचा संघ. त्याच्या 2018-19च्या मोसमाचा विषय निघाला की गाडी हमखास फिलाडेल्फियाविरुद्धच्या त्या चेंडूवर येऊन थांबते. रिंगवर चार टप्पे खाऊन आत पडलेला चेंडू. त्याच्याकडे मीही येणार आहे, पण आधी एक हिशेब. कवाय लेनर्ड त्या मोसमात साखळीतल्या 82 पैकी 60 सामने खेळला. उरलेले 22 सामने संघ त्याच्याशिवाय उतरला आणि त्यातले 17 जिंकला. तो खेळला तेव्हा 41 विजय, 19 पराभव. नव्हता तेव्हा 17 विजय, 5 पराभव. म्हणजे संघातला सगळ्यात मोठा खेळाडू बाहेर बसलेला असताना जिंकण्याचं प्रमाण उलट वाढलेलं.

यावरून ‘लेनर्ड नसता तरी चाललं असतं’ असा निष्कर्ष कुणी काढू नये. प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, जिथे आधी चार सामने जिंकेल तो पुढे जातो, तो नसता तर हा संघ दुसऱ्या फेरीतच घरी गेला असता. पण ते 22 सामने नसते तरी विजेतेपद आलं नसतं, असं माझं मत आहे. हे प्रकरण मला त्या बाजूने मांडायचंय.

59 विजय आणि तरीही नोकरी गेली

आदल्या मोसमात रॅप्टर्सनी साखळीत 59 सामने जिंकले होते. 1995 साली सुरू झालेल्या या क्लबचा तो तोवरचा विक्रम, आणि पूर्व विभागात पहिलं स्थान. मग दुसऱ्या फेरीत क्लीव्हलंडसमोर 0-4. त्याच्या आदल्या वर्षीही क्लीव्हलंडकडूनच 0-4, त्याच्याही आदल्या वर्षी विभागाच्या अंतिम फेरीत क्लीव्हलंडकडूनच 2-4. तीनही वेळा समोर क्लीव्हलंडचा महान खेळाडू लेब्रॉन जेम्स. 2018च्या तिसऱ्या सामन्यात तर त्याने शेवटच्या सेकंदांत अख्खं कोर्ट कापून, धावता धावता, एका हाताने बोर्डावर आपटून बास्केट केली. शहराला ‘लेब्रॉन्टो’ हे टोपणनाव पडलं होतं. चिडवण्यासाठीच अर्थात.

मे 2018मध्ये प्रशिक्षक ड्वेन केसीला काढलं. जूनमध्ये एनबीएने त्यालाच वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून गौरवलं; तोवर तो डेट्रॉइटच्या नोकरीत रुजू झाला होता. त्याच्या जागी बढती मिळाली साहाय्यक निक नर्सला. इंग्लंडमधल्या लीगमध्ये आणि नंतर अमेरिकेतल्या डी-लीगमध्ये, म्हणजे एनबीएच्या खालच्या, खेळाडू घडवणाऱ्या लीगमध्ये, वर्षानुवर्षं घासलेला माणूस. डी-लीगमध्ये दोन वेगवेगळ्या संघांना त्याने विजेतेपद मिळवून दिलं होतं. तिथे आज हाताशी असलेला खेळाडू उद्या एनबीएत उचलला जातो. कोण खेळायला मिळेल याचा भरवसा नसताना संघ उभा करायची त्याला सवय होती, आणि पुढच्या वर्षी टोरांटोला नेमकी तीच लागणार होती.

सौदा

18 जुलै 2018. क्लबचा अध्यक्ष मसाई उजिरीने डेमार डेरोझन, याकोब पोल्टल आणि 2019च्या ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली, पहिल्या फेरीची एक संरक्षित (ठराविक अटींवरच द्यायची) निवड सॅन अँटोनियो स्पर्सला दिली आणि कवाय लेनर्ड व डॅनी ग्रीनला घेतलं.

डेरोझन म्हणजे नुसता चांगला खेळाडू नव्हता. 2009मध्ये नवव्या क्रमांकावर निवडल्यापासून नऊ मोसम तो टोरांटोतच होता, क्लबच्या इतिहासात सर्वाधिक गुण त्याचे. 2016मध्ये मुक्त झाल्यावर दुसऱ्या कुणाशी बोलणीही न करता त्याने इथे पाच वर्षांचा, 13.9 कोटी डॉलरचा करार केला. टोरांटोतून मोठे खेळाडू निघून जातात, राहत नाहीत, हा शहराच्या मनातला जुना सल. त्यावरचं औषध म्हणजे डेरोझन. आणि त्याच्या समजुतीप्रमाणे त्याला ‘तुला कुठे पाठवत नाही’ असं सांगितलं गेलं होतं. उजिरीने नंतर जाहीर माफी मागितली, बोलण्यात गैरसमज झाला म्हणाला. मला ते पुरेसं वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण माणसाशी कसं वागलात आणि निर्णय बरोबर होता का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

बदल्यात आलेला लेनर्ड काय अवस्थेत होता? 2014च्या अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू, दोनदा सर्वोत्तम बचावपटू. पण 2017-18मध्ये उजव्या मांडीच्या स्नायूच्या दुखण्यामुळे जेमतेम 9 सामने खेळलेला. त्या दुखण्यावरून त्याच्या बाजूच्या आणि स्पर्सच्या डॉक्टरांचं जमत नव्हतं. त्याला लॉस एंजेलिसला जायचंय हे गुपित राहिलं नव्हतं. आणि त्याला हवं असेल तर तो एका वर्षात करारातून मोकळा होऊ शकत होता.

‘हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणे’ म्हणतात ते हेच, असं त्या आठवड्यात पुष्कळांनी लिहिलं, आणि त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. लेब्रॉन त्याच महिन्यात पश्चिमेला, लेकर्सकडे गेला होता. वाटेतला धोंडा आपोआप बाजूला झालाय तर 59 सामने जिंकणारा संघ मोडायचा कशाला?

याचं उत्तर करारांच्या तारखांत आहे. डेरोझनचा करार 2021पर्यंत जाऊ शकत होता, वर्षाला सुमारे 2.8 कोटी डॉलर. काइल लाउरी आणि सर्ज इबाका यांचे करार 2020मध्ये संपणार होते. लेनर्ड एका वर्षात निघून गेलाच, तर आणखी एका वर्षात क्लबच्या डोक्यावर मोठं ओझं राहणार नव्हतं; पाटी कोरी करून नव्याने बांधायला मोकळे. तो राहिला, तर पाच वर्षं देशातला – देश कॅनडा – सगळ्यात मोठा खेळाडू आपला. आणि जुना संघ तसाच ठेवला, तर बॉस्टन, फिलाडेल्फिया, मिलवॉकी वर येत असताना पुन्हा पन्नासेक विजय आणि पुन्हा मे महिन्यात सुट्टी. वाईट शक्यतेत फार बुडणार नव्हतं आणि चांगल्या शक्यतेत सगळंच मिळणार होतं. उजिरीला जुगारी म्हणणाऱ्यांनी हा ताळेबंद पाहिला नव्हता.

विश्रांतीचं वेळापत्रक

एनबीएच्या वेळापत्रकात लागोपाठच्या दोन रात्री सामने येतात. प्रत्येक संघाच्या वाट्याला अशा डझनभर जोड्या तरी असतातच. लेनर्ड त्या मोसमात लागोपाठच्या दोन्ही रात्री एकदाही खेळला नाही. संघाच्या क्रीडाविज्ञान विभागाचा प्रमुख अॅलेक्स मॅकेकनी यांच्याकडे हे सगळं सोपवलं होतं. शरीराला किती भार द्यायचा, कधी काढायचा, कुठल्या रात्री बसवायचं. ‘लोड मॅनेजमेंट’ हा शब्द घरोघरी पोचला तो याच मोसमात.

लोकांनी नाकं मुरडली. तिकीट काढून आलेल्या माणसाला ‘आज तो विश्रांती घेतोय’ ऐकवायचं, यात त्याची फसगत आहेच. क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजाला बाहेर बसवलं की आपल्याकडेही हीच कुरकुर होते. पण टोरांटोचं गणित सरळ होतं. यांनी खेळाडू एका मोसमासाठी मिळवला होता आणि त्या मोसमाची परीक्षा एप्रिल ते जूनमध्ये होती. साखळीतले दोन-चार विजय कमी पडले तर पडू देत. झालंही तसंच: 58-24, पूर्वेत 60 विजय मिळवणाऱ्या मिलवॉकीच्या मागे दुसरं स्थान. त्याची किंमत मेमध्ये चुकवावी लागली, कारण मिलवॉकीविरुद्धची मालिका परक्या मैदानावर सुरू झाली.

आता त्या 22 रात्रींकडे. लेनर्ड कोर्टवर असला की खेळ त्याच्याभोवती संथ होत असे. चेंडू त्याच्या हातात, बाकीचे पसरून उभे, तो आपल्या माणसाला एकट्याने मागे रेटत आपल्या आवडत्या जागेवर नेणार आणि वरून मारणार. परिणामकारक, पण बघणाऱ्या चौघांना गारठवणारा खेळ. तो नसला की तोच संघ वेगळा दिसायचा: पास जास्त, धावपळ जास्त, शेवटचा फटका कुणाच्याही हातून. जाणकार तेव्हा म्हणत होते की या संघाला दोन तोंडं आहेत आणि दोघांची ओळख नाही. ते खरंच होतं. फक्त ती उणीव आहे असं मानण्याची घाई झाली.

डिसेंबरमधली एक जोडी घ्या. 11 तारखेला लॉस एंजेलिसमध्ये क्लिपर्सविरुद्ध, 12ला ओकलंडमध्ये गतविजेत्या गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्ध. लेनर्ड खुब्याच्या दुखण्यामुळे दोन्हींना बाहेर. पहिला सामना 123-99, दुसरा 113-93. वॉरियर्सच्या घरात, करी आणि ड्युरंट हे त्यांचे तारे खेळत असताना, 20 गुणांनी. त्या रात्री ज्यांनी चेंडू हाताळला, त्यांनाच सहा महिन्यांनी त्याच कोर्टवर, त्याच संघासमोर हाताळायचा होता.

यात सगळ्यात मोठा झाला पास्कल सियाकम. कॅमेरूनचा, 2016च्या ड्राफ्टमधली 27वी निवड. आदल्या मोसमात सरासरी 7.3 गुण, या मोसमात 16.9, आणि ‘सर्वाधिक प्रगती’चा पुरस्कार. दुसरा फ्रेड व्हॅनव्लीट, ज्याला त्याच ड्राफ्टमध्ये कुणी निवडलंच नव्हतं. तोही अशा सामन्यांत मोठ्या जबाबदारीने खेळत गेला. लेनर्ड 82 सामने खेळला असता तर या दोघांच्या हाती निर्णायक मिनिटांत चेंडू इतक्या वेळा आला असता का? मला नाही वाटत.

7 फेब्रुवारीला, सौद्यांच्या शेवटच्या दिवशी, उजिरीने आणखी एक जुना मोहरा सोडला. 2012पासून संघात असलेला सेंटर योनास वलान्चुनस, सोबत डेलॉन राइट आणि सी. जे. माइल्स देऊन मेम्फिसकडून 34 वर्षांचा मार्क गॅसोल घेतला. स्वतः कमी गुण मिळवणारा, पण पास देणारा आणि मोठ्या सेंटरांना अंगावर घेणारा. एका वर्षाचा डाव मांडलाय ना, मग अर्धवट कशाला, असा तो सौदा होता.

त्याच महिन्यात, 22 तारखेला, डेरोझन स्पर्सच्या जर्सीत टोरांटोला परत आला. प्रेक्षक उभे राहिले, टाळ्या थांबेनात. आणि सामना अटीतटीला आला असताना लेनर्डने चेंडू हिसकावला तो नेमका डेरोझनच्याच हातून, पळत जाऊन डंक केला, आणि 120-117ने सामना घेतला. टाळ्या कुणासाठी वाजवायच्या, असा प्रश्न त्या प्रेक्षकांना पडला असणार.

चार टप्पे

पहिल्या फेरीत ऑर्लँडोने पहिला सामना जिंकून घाम फोडला. लाउरीचा त्या सामन्यात एकही गुण नाही. पुढचे चारही रॅप्टर्सनी घेतले.

दुसऱ्या फेरीत फिलाडेल्फिया मात्र अंगावर आलं. 1-2ने मागे, मग बरोबरी, मग 3-2, मग 3-3. गॅसोल त्यांच्या जोएल एम्बीडला जखडून ठेवत होता, पण बाकीच्यांचे फटके पडत नव्हते. व्हॅनव्लीट तर हरवलाच होता. ही मालिका लेनर्डने जवळजवळ एकट्याने ओढली.

12 मे 2019, सातवा सामना. 90-90, घड्याळात 4.2 सेकंद. फिलाडेल्फियाच्या जिमी बटलरने नुकतीच बरोबरी साधलेली. बाजूने चेंडू आत आला, लेनर्डने घेतला आणि उजव्या कोपऱ्याकडे धाव घेतली. बेन सिमन्स मागे लागला, मग सात फुटी एम्बीड हात उंचावून आडवा आला. त्याच्या बोटांवरून जावा म्हणून लेनर्डने चेंडू नेहमीपेक्षा उंच सोडला. बझर वाजला तेव्हा चेंडू हवेत होता. रिंगच्या अलीकडच्या कडेवर एक टप्पा, दुसरा, मग पलीकडच्या कडेवर तिसरा, चौथा, आणि आत. 92-90. लेनर्ड कोर्टाच्या कडेला उकिडवा बसून बघत होता. एनबीएच्या इतिहासात सातव्या सामन्याचा निकाल बझरच्या फटक्यावर लागायची ती पहिली वेळ. एम्बीड रडत रडत आत गेला.

2001मध्ये याच दोन संघांच्या सातव्या सामन्यात टोरांटोच्या व्हिन्स कार्टरचा शेवटचा फटका रिंगवरून बाहेर गेला होता. 88-87, फिलाडेल्फियाच्या बाजूने. शहराने तो अठरा वर्षं उराशी धरला होता.

त्या सामन्यात लेनर्डचे 41 गुण, पण त्यासाठी त्याने 39 फटके मारले. 16 पडले. हा आकडा मी मुद्दाम देतोय. संघ त्या रात्री एकाच तोंडाने बोलत होता, आणि मिलवॉकीसमोर तेवढ्यावर भागणार नव्हतं.

मिलवॉकीत 0-2. तिसऱ्या सामन्यापासून नर्सने लेनर्डला यानिस आंतेतोकुम्पोवर लावलं. यानिस म्हणजे मिलवॉकीचा तारा, त्या वर्षीचा एमव्हीपी, म्हणजे साखळीतला सर्वोत्तम खेळाडू. तो आत घुसू लागला की समोर लेनर्ड आणि मागे गॅसोलसकट भिंत. दोन जादा डाव, 118-112. लेनर्ड त्या रात्री 52 मिनिटं खेळला आणि शेवटी सरळ लंगडत होता.

माझ्या लेखी या मोसमाचा सामना म्हणजे त्याच्या पुढचा, चौथा. लेनर्डचे पाय चालत नव्हते, त्याने फक्त 19 गुण केले, आणि टोरांटो 120-102ने जिंकलं. लाउरीचे 25. बाकावरून आलेल्या नॉर्मन पॉवेलचे 18, इबाकाचे 17, व्हॅनव्लीटचे 13. तिघांचे मिळून 48. चेंडू फिरत होता, कोणीही फटका मारत होतं. डिसेंबरमधला तो दुसरा संघ अचानक दारात येऊन उभा राहिल्यासारखा. आदल्याच दिवशी व्हॅनव्लीट बाप झाला होता. झोप न झालेला हा माणूस पुढचे तीन सामने तीन गुणांच्या रेषेबाहेरून 17 पैकी 14 फटके आत टाकतो, याला बास्केटबॉलमध्ये स्पष्टीकरण नाही. सहाव्या सामन्यात 15ने मागे असताना 26-3ची झेप, 100-94, आणि क्लब पहिल्यांदाच अंतिम फेरीत.

ओकलंड, पुन्हा एकदा

समोर वॉरियर्स. ड्युरंट जखमी. मालिका संपेपर्यंत क्ले थॉम्पसनही गेला. धडधाकट वॉरियर्ससमोर काय झालं असतं कोण सांगणार. दैव टोरांटोच्या बाजूला होतं हे मान्य करूनच पुढे जायला हवं. अर्थात दैवाचा फायदा घ्यायला आपले पाय जूनमध्ये शाबूत लागतात, आणि त्यासाठीच तर सारा खटाटोप होता.

पहिल्या सामन्यात सियाकमने 17 पैकी 14 फटके टाकून 32 गुण केले. दुसऱ्या सामन्यात थॉम्पसन बाहेर गेल्यावर नर्सने शाळकरी संघ वापरतात ती बॉक्स-अँड-वन रचना काढली: चौघे चौकोनात, आणि व्हॅनव्लीट करीच्या सावलीसारखा मागे. वॉरियर्स पाच मिनिटांहून जास्त वेळ एक गुण करू शकले नाहीत. सामना तरी 104-109ने गेला, पण करीला कसं दमवायचं ते सापडलं. ओकलंडमधले पुढचे दोन्ही रॅप्टर्सचे.

पाचवा सामना टोरांटोत. लेनर्डने लागोपाठ दहा गुण ठोकून 103-97 केलं. अख्खा देश उभा. तीन मिनिटं पाच सेकंद उरलेले असताना नर्सने टाइमआउट घेतला. कारण नियमाचं होतं: शेवटच्या तीन मिनिटांत ठराविकच टाइमआउट हाती राहतात, न वापरलेले वाया जातात, त्याला आपल्या खेळाडूंना दम घेऊ द्यायचा होता. दम वॉरियर्सनीही घेतला. थॉम्पसन, करी, थॉम्पसन, तीन त्रिगुणी फटके, 105-106. मला विचाराल तर ती चूकच. वाया जाणारी गोष्ट वाया जाऊ देण्यात कधी कधी फायदा असतो.

13 जूनला ओरॅकल अरीनात सहावा सामना. त्या जुन्या इमारतीतला वॉरियर्सचा तो शेवटचा. लाउरीने सुरुवातीलाच आग लावली, शेवटी त्याचे 26. सियाकमचे 26. व्हॅनव्लीटचे 22, त्यातले 12 सामन्याच्या शेवटच्या चतुर्थांशात. लेनर्डचेही 22. रॅप्टर्स 114, वॉरियर्स 110, आणि अमेरिकेबाहेरच्या संघाकडे पहिल्यांदाच एनबीएचं विजेतेपद. मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान लेनर्डला, 11 पैकी 10 मतांनी. अकरावं मत व्हॅनव्लीटला पडलं होतं. प्लेऑफचे चोवीसही सामने लेनर्ड खेळला आणि त्यात 732 गुण केले.

17 जूनला टोरांटोच्या रस्त्यांवर दहा लाखांहून जास्त माणसं उतरली. क्लबच्या पहिल्या मोसमापासून घरचे सामने न चुकवणारा, पगडी बांधून कोर्टाशेजारी बसणारा नव भाटियाही मिरवणुकीत होता. पुढे क्लबने त्यालाही विजेत्यांची अंगठी दिली.

6 जुलैला लेनर्डने क्लिपर्स निवडले, तीन वर्षं, 10.3 कोटी डॉलर. टोरांटो त्याला पाच वर्षांचे सुमारे 19 कोटी देऊ शकत होतं. ग्रीन लेकर्सकडे गेला. आता कोसळणार म्हणून सगळे वाट बघत असताना रॅप्टर्सनी पुढच्या, महामारीने तुटलेल्या मोसमात 53 सामने जिंकले आणि 19 हरले. नर्सला सर्वोत्तम प्रशिक्षकाचा मान मिळाला. लेनर्डशिवाय खेळायचं कसं, हे त्यांना नव्याने शिकावं लागलं नाही. पण दुसऱ्या फेरीत सातव्या सामन्यात बॉस्टनकडून हरले, तेव्हा शेवटच्या चार सेकंदांत चेंडू द्यायला कुणी नव्हतं.

त्याआधी, 11 डिसेंबर 2019ला, लेनर्ड क्लिपर्सच्या जर्सीत टोरांटोला आला होता. सामन्याआधी लाउरीने त्याच्या हाती अंगठी दिली, प्रेक्षक उभे राहिले. मग खेळ सुरू झाला आणि क्लिपर्स 112-92ने जिंकले. त्या रात्री तो विश्रांती घेत नव्हता.